पाडायला काढलेला गोठा

मित्रांनो, मी एक जुना गोठा आहे. नाक मुरडू नका! आता माझ्यात शेणाचा वाससुद्धा राहिलेला नाही.

माझ्या भिंती दगडी, छप्पर कौलारू आणि दार चांगलं रुंद. बैलजोडी जोडीनेच आत यायची. पुढे जनावरं विकली गेली, मालक शहरात गेला आणि माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघेना. पालींनी मात्र ऐसपैस संसार थाटला.

एके दिवशी दलालाबरोबर एक विणकर काका आणि काकू आले. घर, विहीर, थोडी जमीन आणि मी, सगळं मिळून इतकं स्वस्त की काकांनी दोनदा "नक्की ना?" असं विचारलं. त्यांना काळजी एकच होती, हातमाग मावायला हवा. शहरातल्या खोलीत तो वर्षभर सुटा होऊन पलंगाखाली पडला होता.

दलालाने मोजपट्टी पुढे केली. काका हसले. "अहो, आम्ही विणकर. आमचा हात हीच मोजपट्टी!" माग त्यांनी स्वतः मोजला होता, नऊ हात. काका भाव करण्यात गुंतले, म्हणून इथल्या घरातली खोली काकूंनी मोजली. भरली दहा हात. झालं, घर ठरलं!

"आणि हा गोठा?" काकूंनी विचारलं.

"पाडून टाका. दगड कुंपणाला होतील," दलाल म्हणाला. काकांनीही होकार दिला.

सामान आलं, त्याच दिवशी गवंडीही पहार घेऊन आला. तिकडे खोलीत माग जोडायला घेतला, तर शेवटची चौकट भिंतीला अडली.

"अहो, माग नऊच हात ना?"

"नऊच! आणि खोली दहा ना?"

"दहाच!"

दोघांनी हात शेजारी धरून पाहिले. काकूंचा हात चांगला चार बोटं आखूड! काका मटकन खाली बसले. "घर घेऊन बसलो, आता विणायचं कुठे?"

इतक्यात माझ्या भिंतीवर पहिला घाव पडला.

"थांबा हो, गवंडीदादा!" काकू धावत आत आल्या. "अहो, इकडे या. आता तुमच्याच हाताने मोजा."

काका भिंतीला हात टेकवत निघाले. कितीतरी वर्षांनी मला कोणी असा हात लावला. "दहा... अकरा... बारा! अगं, बारा हात!" मला तर उड्या माराव्याशा वाटल्या, पण कौलं पडली असती.

गवंड्याने पहार ठेवली आणि माझी फुटकी कौलं बदलली. आता दिवसभर माझ्यात माग खटखटतो. पाहुणे आले की काकू घराआधी मलाच दाखवतात. मी फार आनंदात आहे.

मित्रांनो, जुनं काही पाडायला निघालात, तर आधी एकदा आत या आणि भिंतीला हात लावून मोजून बघा. आणि हो, मोजणारा हात एकाचाच असू द्या!