होळीतून काढलेली फळी

वीस मार्च १९५४, शनिवार. पहाटे पाच चाळीसला रूपला नाईकाच्या तांड्यावर होळी पेटली. पाच पन्नासला हेमलाच्या लक्षात आलं, की तिच्यात आपली फळी आहे.

गावची होळी संध्याकाळी पेटते, तांड्याची पहाटे. होळीसाठी दारादारातलं लाकूड न विचारता उचलायचं आणि ज्याचं गेलं त्याने परत मागायचं नाही, ही रीत दोन्हीकडे सारखी. हेमलाच्या झोपडीला टेकून ठेवलेली साडेचार हातांची फळी पोरांनी उचलली, कारण मार्चात नदीत गुडघाभरही पाणी नसतं आणि नदी कोरडी असली की त्या फळीला काही काम नसतं.

हेमला ओलं घोंगडं घेऊन जाळाशी गेला. रूपला नाईकाने त्याच्या आडवी काठी धरली.

"मांगं सर, हेमला. होळीत पडलं ते होळीचं. तुह्या बापानं कधी मांगतलं होतं का परत?"

"माह्या बापाले डाक घेऊन नदी वलांडा लागत नव्हती, नाईक."

"तरी रीत मोडता येत नाई."

तेवढ्यात हेमलाची बायको चंदाबाई घरातली एकुलती एक बाज ओढत बाहेर आली. गर्दी बाजूला झाली. तिने बाज जाळापुढे आपटली.

"वजनाले वजन घ्या. होळीमायचं नुकसान नाई करत आमी. फळी द्या, बाज घ्या."

"अवं, झोपसान कायच्यावर?" मागून एका बाईने विचारलं.

"भुईवर. भुई कोनी चोरत नाई."

लोक हसले. नाईकाने हसू दाबलं, बाजेचा एक पाय उचलून वजन पाहिलं आणि काठी खाली घेतली. बाज जाळात गेली, फळी बाहेर आली. पुढचा हातभर भाग कोळसा झाला होता आणि तिथून निघालेली चीर मध्यापर्यंत गेली होती.

हेमलाचं वय तेव्हा चव्वेचाळीस. सोळा वर्षं तो इंझोरीच्या पोस्टातून नदीपलीकडच्या तांड्याच्या पोस्टात डाकेची पिशवी नेत होता. त्या पोस्टावर पाच तांडे अवलंबून. तिथली निम्मी माणसं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडत, म्हातारी मागे राहत आणि पत्रांची वाट पाहत. आठ महिने हेमला अडाण नदी पायी उतरून जायचा. पावसाळ्यात तो पांगाऱ्याच्या फळीवर पालथा पडायचा, मेणकापडात गुंडाळलेली पिशवी पाठीला बांधायचा आणि दोन्ही हातांनी पाणी मारत पार व्हायचा. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की बुचासारखं हलकं होतं. ती फळी त्याने स्वतः कोरली होती.

गेल्या जानेवारीत डाकेचे ओव्हरसियर येऊन सांगून गेले होते. पूर आला की पिशव्या उशिरा पोचतात, अशी तक्रार वर गेली आहे. ऑगस्टात ते स्वतः येऊन पाहतील. भर पुरात पिशवी त्याच दिवशी पलीकडे जाऊन कोरडी परत आली, तर ठीक. नाही आली, तर पुढच्या वर्षापासून पावसाळ्याचे चार महिने ही फेरी बंद. मग ती पत्रं इंझोरीत पडून राहणार आणि हेमलाची जागाही जाणार.

नवी फळी कोरायची तर एवढ्या रुंद बुंध्याचा पांगारा आसपास उरला नव्हता. होती तीच नीट करणं भाग होतं.

इंझोरीचा जगदेव सुतार गाड्या आणि नांगर करायचा. त्याने केलेल्या गाडीचा आस मोडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. त्याने फळी आडवी-उभी पाहिली.

"हे काय लाकूड हाय का? नख रुततं. आठ दिवसांनं ये. असं करून देतो का हत्ती उभा राह्यला तरी मोडनार नाई."

आठ दिवसांनी फळीला नवं तोंड बसलं होतं. जुन्या मुरलेल्या बाभळीचं, वरून गाडीला ठोकतात तशी लोखंडी पट्टी, सहा खिळे. हेमलाने एका टोकाने उचलून पाहिलं. दोघे गावच्या तलावावर गेले. काठावर बाया धुणं धूत होत्या. हेमला फळीवर पालथा झाला, दोन हात मारले. फळीने तोंड खाली घातलं आणि त्याला घेऊन सरळ गाळात गेली. तो वर आला तेव्हा कानापर्यंत चिखल होता.

गोमतीबाईने धुण्याचा पिळा हातातच ठेवून विचारलं, "जगदेव भौ, नांगर बनवला का? मस्त घुसला बाप्पा. पेरनी कधी हाय?"

काठावरच्या सगळ्या बाया हसल्या. जगदेव लाल झाला.

"बाभूळ मोडत नाई," तो म्हणाला.

"मोडत नाई, बुडते," हेमला चिखल पुसत म्हणाला. "मले नदीवर गाडी नाई चालवाची, भौ. मले तरंगाचं हाय."

जगदेव चिखलाची फळी खांद्यावर टाकून घरी गेला. तीन दिवस त्याने हेमलाशी बोलणं टाळलं. चौथ्या दिवशी सकाळी नदी ओलांडून तो स्वतःच तांड्यावर आला. तांड्यात आपसात एक वेगळी बोलीही चाले. त्याला पाहून सगळे वऱ्हाडीत बोलू लागले.

"ते बाई बरोबर बोलली," जगदेव हेमलाला म्हणाला. "नांगराचं तोंड खाली असते म्हनून तो भुईत घुसते. याचं तोंड वर पाह्यजे. उलटा नांगर. पांगारा कुठं हाय?"

"बारका हाय, नाल्यावर. पूर्‍या फळीचा नाई निघनार."

"मले फकत तोंडापुरता पाह्यजे."

पांगारा चैत्रात तोडला. सावलीत वाळवला, कारण उन्हात तो तडकतो. हे हेमलाने सांगितलं आणि जगदेवने ऐकलं. त्याच्या हाताखाली काम केलेल्या माणसांना याचं नवल वाटलं. ज्येष्ठात त्याने काम धरलं. खिळे उपसले, पट्टी काढली, बाभळीचा तुकडा कोपऱ्यात टाकला. जुनं लाकूड दीड वीत तिरपं कापलं, नवं त्यावर तसंच तिरपं बसवलं आणि बांबूच्या खुंट्या मारल्या. लोखंड कुठेच नाही. नवं तोंड चार बोटं वर उचललेलं. चिरेत अंबाडीचा काथ्या ठासून वर सालईचा तापवलेला डिंक ओतला.

शेवटी बिब्ब्याचं तेल. त्याने लाकूड पाणी पीत नाही, पण ते अंगाला लागलं की कातडी उतते. जगदेवने हाताला चिंध्या बांधल्या होत्या. त्या तिसऱ्या पुटाला भिजल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही हात कोपरापर्यंत सुजले. त्याची बायको कमलीबाई तीळ-खोबरं वाटून लेप लावत होती आणि बोलत होती.

"इतल्या गाड्या केल्या, एकही अंगावर नाई उलटली. हे फळी कोनी सांगतली तुमाले?"

"पोस्टाची हाय."

"मंग पोस्टानं वाटावं तीळ."

"आनखी एक पूट राह्यलं," जगदेव म्हणाला.

"हातानं जेवता येत नाई, अन् पूट देता येते काहून?"

चौथं पूट हेमलाने दिलं. जगदेव शेजारी बसून प्रत्येक हात कुठून कुठे फिरवायचा ते सांगत होता.

सतरा ऑगस्ट, मंगळवार. पाणी दोन्ही दरडींना लागलं होतं. ओव्हरसियर छत्री घेऊन इंझोरीच्या काठावर उभे होते. शेजारी पोस्टाचं काम पाहणारा दुकानदार पूनमचंद, हातात घड्याळ. पलीकडे तांड्याच्या पोस्टाचे मोहनसिंग गुरुजी आणि नाईक. दोन्ही काठांवर मिळून दीडशे माणसं असावीत. जगदेव गर्दीत नव्हता; तो वरच्या बाजूला एका दगडावर एकटा बसला होता.

"परत फिरायचं असेल तर आत्ताच सांग," ओव्हरसियर म्हणाले. "पाणी फार आहे. मी कोणाला जीव द्यायला सांगत नाही."

"याच्यापक्षा कमी पान्यात कोन पाह्यला येते, साहेब?" हेमला म्हणाला.

दहा वीसला तो पाण्यात उतरला. तो नेहमी वरून शिरायचा आणि प्रवाहाबरोबर तिरपा जायचा. नदीच्या मध्याला खडकाची एक पाळ आहे; पुरात तिच्यावरून पाणी घसरतं आणि पुढे भिंतीसारखं उभं राहतं. तिला तो सोळा वर्षं टाळत आला होता. त्या दिवशी वरून मुळासकट उपटलेलं एक झाड वाहत आलं. ते चुकवताना तो पाळेवर ओढला गेला.

"गेला," पूनमचंद म्हणाला आणि घड्याळ बघायचं विसरला.

फळीने तोंड खाली घातलं नाही. लाटेवर आली तशी ती वर उचलली गेली, क्षणभर लाटेच्या माथ्यावर थांबली आणि उतारावरून घसरत निघाली. हेमलाने हात मारणं थांबवलं होतं. मारायची गरज नव्हती. पाणी त्याला नेत होतं आणि तो त्यावर पालथा, मान वर करून, पलीकडे चालला होता. एरवी ज्याला पाव तास लागे ते अंतर त्याने सात मिनिटांत कापलं. पलीकडच्या काठावर सगळे एकदम ओरडले.

चंदाबाई कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी होती. तिने फळीचं तोंड धरून काठावर ओढलं.

"कायले हसून राह्यले?" तिने विचारलं.

"काई नाई," हेमला म्हणाला. "परत जाताना मुद्दाम तिथूनच जातो."

बारा वाजून दोन मिनिटांनी तो इंझोरीच्या काठाला लागला, तेव्हा पाठीवर परतीची पिशवी आणि मोहनसिंग गुरुजींची पोच होती. ओव्हरसियरनी लाखेची मोहर फोडली, एकेक पाकीट काढून तळहातावर दाबलं, शेवटी पिशवी उलटी करून आत हात फिरवला.

"कोरडी आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी फळी पाहायला मागितली. खाली बसून सांध्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"जोड कुठे आहे?"

"तुमी सांगा, साहेब," मागून जगदेव म्हणाला. तो कधी खाली आला ते कोणाला कळलं नव्हतं. त्याच्या हातांवर बिब्ब्याचे काळे डाग अजून होते.

ओव्हरसियरनी त्याचं नाव विचारलं आणि अहवालात लिहिलं. फळीला काय म्हणायचं यावर ते थोडे अडले. होडी नव्हे आणि तराफाही नव्हे. अखेर त्यांनी लिहिलं: 'लाकडी फळी, दुरुस्त, उत्तम.' फेरी चालू ठेवावी अशी शिफारस करून त्यांनी सही केली. निर्णय वरच्या कचेरीचा, तो लेखी येईल, असंही सांगितलं.

अहवाल अठरा ऑगस्टला अकोल्याला गेला. सप्टेंबर संपेपर्यंत हेमलाने आणखी एकोणतीस वेळा पुरातून नदी ओलांडली. एकही पिशवी भिजली नाही, एकही दिवस चुकला नाही.

नऊ ऑक्टोबरपर्यंत उत्तराचा पत्ता नव्हता. उत्तर तांड्याच्या पोस्टाच्या नावाने येणार होतं. त्या पोस्टाची पिशवी कारंज्याच्या मोठ्या पोस्टातून मोहर लावूनच येते आणि इंझोरीत ती उघडत नाहीत. म्हणजे ज्या दिवशी ते येईल, त्या दिवशी हेमलाच ते पाठीवरून पलीकडे नेईल आणि पोचेपर्यंत त्याला ते ठाऊक नसेल.

नऊ तारखेला शनिवार होता. आदल्या दोन दिवसांच्या पावसाने नदीला पुन्हा पाणी चढलं होतं. पूनमचंदने पिशवी पुढे केली.

"आज जरा जड हाय," तो म्हणाला.

हेमलाने ती मेणकापडात गुंडाळली, पाठीला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि सात चाळीसला फळी पाण्यात टाकली.