तीनशेपट्यांची थाळी

मी एक जुनी इनॅमलची थाळी आहे. रंग पांढरा, काठ निळा आणि काठावर तीन ठिकाणी टवके उडालेले. टवके पाहून नाक मुरडू नका, मित्रांनो. पवनी तालुक्यात कोंढ्याजवळ असलेल्या आमच्या गावात आज माझ्यात डोकावल्याशिवाय नाल्याचे पाणी कोणी पीत नाही. हा मान मात्र मला फार उशिरा मिळाला.

दूरच्या एका कारखान्यात लोखंडी पत्र्यावर लेप चढवून मला भट्टीत भाजले. पुष्पाबाईंनी मला पवनीच्या बाजारातून आणले, तेव्हा पाहुण्यांशिवाय कोणाला माझ्यात वाढत नसत. गरम भात, वर वरण. मला गर्व झाला होता, हे कबूल करते. मग त्यांची नात डिंपल हिच्या बारशाच्या गडबडीत मी ओट्यावरून पडले आणि काठाचे टवके उडाले. स्टीलची ताटे घरात आलीच होती, माझी रवानगी कोंबड्यांच्या खुराड्यापाशी झाली. पाच वर्षे माझ्यात कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, पडली आणि कोंबड्या टोचा मारत राहिल्या. फार वाईट वाटायचे.

तिथून मला उचलले चंद्रकांताने, म्हणजे पुष्पाबाईंच्या सुनेने, डिंपलच्या आईने. गावच्या पाण्यावर लक्ष ठेवायचे काम पंचायतीने तिला दिले होते आणि त्यासाठी पवनीला शिबिरालाही पाठवले होते. तिथे ती शिकून आली, की पाण्याची तब्येत त्यात राहणारे बारीक जीव सांगतात. काही जीव इतके नाजूक, की पाणी बिघडले की आधी तेच जातात. त्यांना पाहायला पांढरे भांडे लागते. घरात पांढरे भांडे एकच होते आणि ते कोंबड्यांच्या ताब्यात होते. तिने मला राखेने घासून लख्ख केले.

आमच्या गावच्या बोरिंगच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. म्हणून बाया नाल्याच्या रेतीत खड्डा करतात, त्याला झिरा म्हणतात. प्यायला आणि डाळीला पाणी झिऱ्याचे, बाकी सगळे बोरिंगचे. चंद्रकांता दर महिन्याला झिऱ्याजवळचा दगड उचलायची, त्याच्या पोटाला चिकटलेले जीव माझ्यात धुऊन घ्यायची आणि मोजायची. पुस्तकातली नावे जिभेवर बसेनात, तेव्हा बायांनी आपली नावे दिली. शेपटीला तीन केस असलेली ती तीनशेपटी. वाळूचे कण चिकटवून पाठीवर घर वाहणारा तो बिऱ्हाडवाला. गावाच्या सांडपाण्यात लाल अळीशिवाय कोणी नसायचे. तिला कसलीच शिसारी नाही. झिऱ्यापाशी मात्र तीनशेपट्या भरपूर होत्या आणि त्यांची वळवळ मला गुदगुल्या करायची.

मग उन्हाळी धानाचे दिवस आले. एका सकाळी चंद्रकांताने एकामागून एक सात दगड धुतले आणि माझ्यात नुसते पाणी राहिले. शेजारची रीता खूश झाली. पाणी काचेसारखे झाले, एकही किडा नाही, म्हणाली आणि पाण्याचा घडा, आमच्याकडचा गुंड, भरायला वाकली. चंद्रकांताने तिचा हात धरला. घरून निघताना डिंपल याच पाण्याचा गडवा तोंडाला लावून बसली होती, हे तिला आठवले असणार. तिचा चेहरा मी खालून पाहत होते. तो पांढराफटक पडला होता.

मला काखेत मारून ती नाल्याने वर चालू लागली. दहा-दहा पावलांवर दगड उचलत होती. काही नाही. काही नाही. एका मोठ्या काळ्या खडकाच्या वरच्या अंगाला मात्र तीनशेपट्या होत्या, नेहमीसारख्या. त्या खडकावर कीडनाशक फवारायचा पंप ठेवल्याचे ओले गोल वळे होते. तिथे पंप कोण धुतो हे तिला पक्के माहीत होते. तिचे सासरे, तुलाराम.

तुलाराम म्हणजे गावात शब्दाला वजन असलेला माणूस. सून त्यांच्यापुढे कधी मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसले होते, तिथे तिने मला त्यांच्या पुढ्यात ठेवले.

"मामाजी, हे खडकाच्या वरचे जीव. खडकाच्या खाली एकही नाही. तुमी तिथं पंप धुता, अन् तेच पानी आपली डिंपल पिऊन राहिली."

तुलारामांनी वाकून माझ्यात पाहिले.

"बैलायच्या पिन्याच्या टाक्यावर नाही धुवावं म्हणून नाल्यावर नेतो," ते हळूच म्हणाले. "वाहतं पानी हाये, घेऊन जाते, असं वाटे मले."

चूक होती, मित्रांनो, पण बैलांच्या मायेपोटी झालेली. ते उठले. घरी जाऊन डिंपलच्या हातातला गडवा त्यांनी स्वतः रिकामा केला आणि कोणी पाणी भरू नये म्हणून झिऱ्यावर काटे टाकून आले. डिंपलला काही झाले नव्हते. माझा जीव भांड्यात पडला, असे भांड्यानेच म्हणावे का, ठाऊक नाही.

तेव्हापासून ते पंप आपल्याच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, विसळतात आणि ते पाणी धानावरच फवारतात. इतरांनाही त्यांनीच सांगितले. पण गेलेले जीव लगेच कुठे परततात? उन्हाळा गेला, पावसाळा गेला. घरात बोरिंगच्या पाण्यातली कचवट, अर्धीकच्ची डाळ शिजत राहिली. पुष्पाबाई कुरकुरल्या. तुलारामांनी एकदाही ताट सरकवले नाही.

कार्तिकात दगड त्यांनीच उचलला. माझ्या पांढऱ्या पोटावर एक तीनशेपटी वळवळली. त्यांनी सुनेकडे पाहिले.

"आता?"

"अजून नाही, मामाजी. बिऱ्हाडवाले येऊ द्या, अन् पान्याची बाटली पवनीहून तपासून येऊ द्या. रोगाचे जंतू ह्यायले नाही सांगता येत."

त्यांनी मान डोलावली. तीनशेपटीला पाण्यात सोडले, वाकून तोच दगड पुन्हा जागेवर ठेवला आणि घरी जाऊन मुकाट्याने कचवट डाळ जेवले.

मित्रांनो, पाणी चकाकते म्हणून त्यावर भाळू नका. त्यात कोण राहते ते आधी पाहा. आणि दगड उचललात, तर होता तसाच खाली ठेवा. त्याखाली कोणाचे तरी घर असते, आणि त्या घरावर तुमच्या घरचा गडवा अवलंबून असतो.