पंचवीस डिग्रीचं पाणी

डोकं फिरायची पाळी आली होती, खरंच! चार महिने मी आमच्या बॉसपुढे, निगम साहेबांपुढे, घसा कोरडा केला. हॉस्पिटलच्या डायलिसिसला अगदी शुद्ध पाणी लागतं, ते दाबानं मेंब्रेनमधून गाळून घ्यायचं, आणि त्या यंत्राचं डिझाइन माझ्याकडे होतं. मी सहा मेंब्रेन मागितले. साहेबांनी कॅटलॉग उघडला आणि चार केले.

"चार में हो रहा है न? छपा है यहाँ!"

मी म्हटलं, साहेब, त्याच्याखाली बारीक अक्षरात पंचवीस डिग्री असंही छापलंय. लखनौला जानेवारीत नळाला बारा डिग्रीचं पाणी येतं. थंड पाणी सावकाश झिरपतं, धार तिसऱ्या हिश्श्यानं तरी घटणार.

"अरे यार श्रीपाद, पानी को भी जाड़ा लगता है क्या?"

सगळं ऑफिस हसलं. आणि हा माणूस स्वतः बादलीत रॉड टाकल्याशिवाय अंगावर तांब्याभर पाणी घेत नाही!

जानेवारी आला. दोन खाटांना पुरायचं पाणी एकीलाच जेमतेम पुरायला लागलं. पंप आधीच पूर्ण दाबावर, आणखी रेटला तर मेंब्रेनच जायचे. साहेबांना फोन करून म्हटलं, निदान टाकीला गरम पाण्याची लाइन तरी मंजूर करा. "गर्मी आने दो, सब ठीक हो जाएगा." मी रिसीव्हर आपटला. तोवर पेशंटनी काय करायचं, रजईत बसून राहायचं?

आणि दुसऱ्या खाटेवर कोण? माझी सख्खी बहीण, चारुताई. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून आठवड्यातून दोनदा आलमबागेहून रिक्षानं यायची. त्या दिवशी पाय सुजलेले, धाप लागलेली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पहिल्या खाटेवरच्या पांडेजींची हालत जास्त खराब आहे, आज त्यांनाच लावतो. ताईंना तुम्ही समजवा.

कसलं समजवा, कपाळ! तरी गेलो.

"ताई, आज पाणी कमी पडतंय. तुझं उद्या करतील."

ती पांडेजींच्या बायकोशी बोलत होती. माझं ऐकून हसलीच. "चल, काहीतरीच! मी आत्ताच यांना सांगितलं, घबराना मत, मशीन मेरे भाई ने बनाई है."

मग माझं तोंड बघून तिचं हसू गेलं.

"श्रीपाद, तूच बनवलंस ना रे? मग मलाच कसं पुरणार नाही?"