सगुणा गाडीत बसली का

देविकाने माइक दोनदा बाजूला सारला आणि दोन्ही वेळा श्यामकांतकाकांनी तो उचलून पुन्हा तिच्या पुढ्यात ठेवला.

“काका, एवढासा हॉल आहे. माझा आवाज पोचेल.”

“आत्ता पोचेल. लाइट जाऊन जनरेटर लागला की मग?” दिल्लीतल्या मराठी मंडळाचे सचिव म्हणून श्यामकांतकाका सकाळपासून प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार ठेवून होते. त्यांनी माइकवर टिचकी मारली. “चलो, बसून घ्या सगळे. सुरू करतोय.”

देविकाच्या डोक्यामागे कापडी फलक होता. ‘ऐतिहासिक कादंबरीकार सरलाताई वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देतील’ असं त्यावर जूनमध्येच रंगवून झालेलं होतं. ऑगस्टमध्ये सरलाताई गेल्या. कापड वाया जाऊ नये म्हणून नावाच्या शेजारी बारीक अक्षरात ‘यांच्या कन्या’ एवढं घुसवलं होतं. देविकाचं नाव मावलं नव्हतं.

तिने फोनवर नाही म्हणून सांगितलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. शेवटी बाबाच म्हणाले, “जा गं. लोकांनी वाट बघितलीय.” म्हणून रविवारची सुट्टी सोडून ती फरीदाबादहून आली होती. बाबा आता शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर स्वेटर मांडीवर घेऊन बसले होते. हॉल त्यांच्याच सोसायटीचा होता. दोनशे वर्षांपूर्वी शिंद्यांची फौज इंग्रजांपुढे हरली ती इथेच, पटपडगंजच्या मैदानात, आणि आता त्या मैदानावर एकीला लागून एक अशा सोसायट्या उठल्या होत्या. फ्लॅटचा ताबा घेताना आई खिडकीतून खाली बघत म्हणाली होती, “आपले लोक इथून पळाले, आणि बघ, आपल्याला थ्री-बेडरूम मिळाला.”

त्या पळालेल्या लोकांवरच तिच्या दोन जाड कादंबऱ्या होत्या. शिंद्यांच्या दिल्लीतल्या एका कारकुनाची बायको सगुणा, तिची गोष्ट. दुसरा भाग संपतो तेव्हा लढाई हरलेली असते, ग्वाल्हेरकडे निघालेल्या गाड्या दारात उभ्या असतात, बैल जुंपलेले असतात, नवरा गाडीत बसलेला असतो आणि सगुणाचा एक हात चाकावर असतो. पुढे पान कोरं. तिसरा भाग आईने अर्ध्यावर सोडला होता आणि त्या अर्ध्यातही सगुणाचा हात चाकावरच होता. पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला होता: शेवट काय ते ताईंनी सांगून ठेवलं असेल, तेवढं कळवा, बाकीचं दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ.

देविकाला आज तोच एक प्रश्न नको होता. कारण तिला शेवट माहीत नव्हता.

पहिला उठला यतीन. जाहिरातींच्या कंपनीत होता, कमरेला पेजर होता. “काकू— सॉरी, देविकाताई. सॅटेलाइट चॅनेलवाल्यांना आजकाल हिस्टॉरिकल हवंच असतं. राइट्स कुणाकडे आहेत?”

“बाबांकडे.”

“अच्छा. हिंदीत करावं लागेल. आणि नवरा कारकून आहे ना, त्याला सेनापती केला तर?”

“पुढचा प्रश्न,” देविका म्हणाली.

पुढच्या गृहस्थांनी आपल्या खापरपणजोबांना ग्वाल्हेर दरबारात मिळालेल्या मानाची हकिकत सांगितली आणि उत्तराची वाट न बघता ते खाली बसले. टाळ्या पडल्या. देविका पाणी प्यायली.

मग वैजयंतीकाकू उठल्या. मराठी शाळेत आयुष्यभर शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आईची दोन्ही पुस्तकं त्यांच्याकडे पेन्सिलच्या खुणांनी भरलेली होती. त्यांनी पहिला भाग उघडला. “छावणी जळते, सगुणेपुढे करपलेलं धान्य येतं. तेव्हा ती काय म्हणते? ‘जळलं ते जळलं. पण ते खाल्लंच पाहिजे असं कुठे आहे?’ देविका, या एका वाक्यात सरलाताईंनी पराभवाचं सगळं तत्त्वज्ञान सांगितलंय. त्यांना हे सुचलं कसं?”

“काकू, ते फ्लॉवरच्या भाजीबद्दल होतं.”

हॉलमध्ये कुणीतरी हसलं.

“म्हणजे, आई लिहीत बसली होती आणि भाजी करपली. मी कॉलेजातून भुकेली आले होते. मी तिला तसं म्हटलं. तिने ते तिथेच वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतलं.”

“नाही हं, बेटा,” वैजयंतीकाकू ठामपणे म्हणाल्या. “तुला तेव्हा कळलं नसेल. ताईंनी त्यात फार खोल अर्थ घातलाय.”

आईचं असंच असायचं. सगुणाने काय करावं असं ती कधी कुणाला विचारत नसे. भाजी चिरताना, बसस्टॉपवर, अंगात ताप असताना अचानक, जणू उद्याचाच बेत असल्यासारखं ती विचारायची: पूल तुटलाय, तू पोहून जाशील की थांबशील? विचार करून दिलेलं उत्तर ती ऐकून सोडून द्यायची. वैतागून फेकलेलं तेवढं ठेवायची. देविका बारा वर्षांची असताना आईने भरलेली कळशी तिच्या खांद्यावर देऊन तिला हिंदूराव इस्पितळाच्या टेकडीवरून उतरायला लावलं होतं आणि प्रत्येक वळणावर विचारलं होतं, “आता काय दुखतंय?” इस्पितळाच्या फाटकापाशी बसलेले लोक बघत होते. “डोकं,” देविका म्हणाली होती. तेही पुस्तकात आलं.

शेवटच्या आठवड्यातही सुटका नव्हती. देविका ऑफिसातून अर्धी रजा काढून, दोन बसगाड्या बदलून पेजेचा डबा घेऊन पोचली, तर आई उशीवरून म्हणाली, “गाडी दारात उभी आहे देवू. बैल जुंपलेत. सगळे बसलेत. तू काय करशील?” देविका डब्याचं घट्ट बसलेलं झाकण उघडत होती. तिने कसंतरी काहीतरी उत्तर दिलं होतं.

“आता मुद्द्याचं.” गुणवंतराव उभे राहिले होते. केंद्र सरकारच्या मंत्रालयातून सहसचिव म्हणून निवृत्त झालेले, आवाज अजून फाइलवर शेरा मारल्यासारखा. “तिसरा भाग. मी प्रकाशकांशी बोललोय. पूर्ण करायची माझी तयारी आहे. खरं तर चार प्रकरणं लिहूनही झालीत.”

“चार?” देविकाच्या तोंडून निघालं.

“सगुणा ग्वाल्हेरला पोचते तिथपर्यंत.”

“पोचते?” वैजयंतीकाकू वळल्या. “कशी पोचेल? ती जातच नाही.”

“बाई, मला खुद्द सरलाताईंनी सांगितलंय. मंडळाच्या गणपतीत. मी कोथरूडला घर घेतल्याचं त्यांना सांगत होतो, तेव्हा मी सरळ विचारलं, सगुणा गाडीत बसली का? म्हणाल्या, बसली, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.”

“आणि मला म्हणाल्या, हात काढून घेतला आणि घरात गेली. आमच्या वास्तुशांतीला आल्या होत्या तेव्हा.” वैजयंतीकाकूंचा आवाज चढला. “मी म्हटलं, ताई, लोक हसतात, म्हातारपणी दिल्लीत कसले फ्लॅट घेताय म्हणून. तर म्हणाल्या, सगुणासुद्धा राहिली हो.”

“मला तर म्हणाल्या होत्या, नवऱ्याला पाठवते आणि स्वतः मागून जाते,” श्यामकांतकाका माइकपासून दूर, हळूच म्हणाले. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वीच पुण्याला मुलाकडे गेली होती. ते अजून मंडळाची कामं आटपत होते.

मग हॉलभर सुरू झालं. प्रत्येकाकडे एक शेवट होता. कुणाला तो फोनवर मिळाला होता, कुणाला भाजीवाल्याच्या गाडीपाशी. कुणाची सगुणा रस्त्यात उतरून परत आली होती, कुणाची यमुनेपलीकडे पोचून नांदली होती. ज्याने त्याने तो इतके दिवस नीट जपून ठेवला होता आणि आता दुसऱ्याचा ऐकून प्रत्येक जण हिरमुसत होता, चिडत होता. एवढ्यात लाइट गेली. खाली जनरेटर धडधडायला लागला.

“अरे यार, पण यातला खरा कोणता?” यतीन ओरडला. “घरच्यांना विचारा ना. देविकाताई, तुम्हाला काय सांगितलं?”

सगळे तिच्याकडे वळले. श्यामकांतकाकांनी माइक जवळ सरकवला.

भाजीवाल्याच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या कुणालाही आईने शेवट दिला होता. आणि देविकाने कधी विचारलंच नव्हतं. आयुष्यभर ती आईच्या प्रश्नांना वैतागत आली; एखादा आपण विचारावा, असं तिला सुचलं नव्हतं.

“मला काही सांगितलं नाही,” ती म्हणाली. जनरेटरमुळे ते दुसऱ्या रांगेपर्यंतही गेलं नसावं, म्हणून तिने माइकमध्ये पुन्हा म्हटलं. “आईने मला काही सांगितलं नाही.”

गुणवंतरावांनी चष्मा काढून पुसला. वैजयंतीकाकूंनी तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की देविकाला उठून जावंसं वाटलं.

“चला, बटाटेवडे गार होतायत,” श्यामकांतकाका म्हणाले.

गुणवंतराव वड्याची बशी घेऊन तिच्यामागे जिन्यापर्यंत आले. अर्धी लिहिलेली पानं त्यांना कधी मिळतील, महिनाअखेरपर्यंत मिळाली तर बरं. देविका म्हणाली, कळवते. वैजयंतीकाकूंनी तिच्या हातात वड्यांचा पुडा कोंबला.

ती आणि बाबा आवारातून घराकडे निघाली. गाड्या दोन्ही बाजूंना इतक्या जवळजवळ लावल्या होत्या की बाबांना पुढे आणि तिला मागे, एकामागून एक चालावं लागलं. लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावर बाबा कठड्याला धरून थांबले.

“दमलात?”

“नाही. तूच दमलेली दिसतेस.”

“मी वैतागलेय,” देविका म्हणाली. “गणपतीत विचारलं की एक, वास्तुशांतीला विचारलं की दुसरं. प्रसाद वाटावा तसे शेवट वाटलेत तिने. तुम्हाला काय सांगितलं होतं?”

“मला?” बाबांनी स्वेटर या हातातून त्या हातात घेतला. “मला म्हणाली, देवूला माहीत आहे. तिला विचारा.”

देविका एक पायरी वर होती. ती वळली.

“कधी?”

“तू पेज घेऊन आली होतीस त्या दिवशी. तू गेलीस आणि मी आत आलो, तर म्हणाली, सुटलं एकदाचं. मला वाटलं, दुखणं कमी झालं. म्हटलं, काय सुटलं? तर म्हणाली, तिसरा भाग.”

“मग तीन महिने मला विचारलं का नाहीत?”

“तू चिडतेस,” बाबा म्हणाले. “पुस्तकांचं काढलं की.”

खालून जनरेटरचा आवाज येत होता. देविकाला झाकण आठवलं. ते निघत नव्हतं. तिने डबा पोटाशी धरून जोर लावला होता आणि वर न बघताच म्हणाली होती, “थांबेल गाडी. आधी ही पेज संपव, गार होतेय.” आणि त्या आठवड्यात ज्या बाईला अर्धी वाटीसुद्धा जात नव्हती, तिने वाटीसाठी हात पुढे केला होता.

बाबा पुन्हा चढायला लागले. वरच्या मजल्यावर, दाराशी, ती पर्समधून किल्ली शोधत असताना त्यांनी विचारलं, अगदी सहज, उद्याच्या बेताबद्दल विचारावं तसं:

“मग? बसली का ती गाडीत?”

“तिने गाडी थांबवली, बाबा.”

“कशाला?”

देविकाने वड्यांचा पुडा त्यांच्या हातात दिला आणि किल्ली कुलपात घातली.

“घरात कुणाचं तरी जेवण व्हायचं होतं.”

“हं,” बाबा म्हणाले. “आणि मग?”

“पुढचं तिने मला विचारलं नाही,” देविका म्हणाली, आणि खांद्याने दार ढकललं.