खंडेनवमीचं तेल

सुंदरअक्काच्या जिभेला सगळी एमआयडीसी वचकून असायची. नवरा गेल्यावर जळगावचं ते दोन मशिनींचं वर्कशॉप तिनंच राखलं होतं. यावलचा भटू जावई करून घेतला, तोही मशिनीवर उभा राहील या बोलीवर. घरजावई हा शब्द त्याला सगळ्यांत जास्त लागायचा. अक्काला ते पक्कं ठाऊक, म्हणून राग आला की ती नेमका तोच शब्द काढायची.

त्या सकाळी मिलिंग मशीन थांबलं. मोटर फिरत होती, पण कटर जागचा हलेना आणि मशिनीच्या डोक्यातून जळक्या रबराचा वास यायला लागला. पाइप कारखान्याचे पितांबरनाना साच्यासाठी बाकावर येऊन बसलेले, सोबत त्यांची दोन माणसं.

"पट्टा गेला," भटू म्हणाला.

"जाईल नाही तर काय! आयतं मिळालेल्याची कोणाला पर्वा?" अक्का नानांकडे वळली. "पाहा नाना, घरजवाई असा शे. सासऱ्याचं खायचं आन सासऱ्याचंच जाळायचं."

नाना चपलेकडे बघत उठले. "संध्याकाळी येतो, अक्का." त्यांची माणसं बाहेर पडता पडता हसली.

भटू मागच्या घरात गेला. थोड्या वेळानं आतून अक्काची मुलगी प्रमिला आली ती बॅग घेऊनच. "आम्ही यावलला चाललो, आई. हे म्हणतात मशीन चालू करून देतो, मग निघू. पुन्हा यायचं नाही म्हणतात."

"जा की! अडवलंय कोणी?" अक्का म्हणाली खरी, पण तिची नजर बॅगेवरून हलेना.

भटूनं आणि मदतनीस निंबानं दोर बांधून मोटर उतरवली. आणखी काही मोडतोड नको म्हणून अक्का कमरेवर हात देऊन तिथेच उभी. आत दोन ताटल्या तोंडाला तोंड लावल्यासारखी पुली होती. ताटल्या जवळ-लांब होतील तसा वेग बदलायचा. भटूनं मधला रुंद पट्टा ओढून काढला. त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या, दोरे लोंबलेले, आणि सगळा पट्टा तेलानं चिप्प, म्हणून घसरून घसरून जळलेला.

ताटलीला झेंडूची पाकळी चिकटली होती. तिच्या शेजारी कुंकवाचे दोन तांदूळ.

अक्कानं ती लगेच ओळखली. खंडेनवमीला पूजा ती एकटीच करायची. मशीन जरा कुरकुरत होतं, तर गाडीच्या आसाला घालतात तसं समईतलं उरलेलं तेल तिनंच वरच्या फटीतून ओतलं होतं. वर अक्षता टाकून नमस्कारही केला होता.

"भाऊ, ही पाकळी आत कशी?" निंबा वाकला.

भटूनं त्यावर फडकं टाकलं. "काही नाही रे. पट्टा जुना झाला होता."

त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. अक्काला वाटलं, त्यानं चारचौघांत आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ताटल्या पुसून, नवा पट्टा चढवून त्यानं मोटर बसवली. मशीन चालू केलं, मग चाक हळूहळू फिरवून वेग वाढवला. कुठे आवाज नाही, वास नाही. तो हात धुवायला गेला.

अक्का मागोमाग गेली. "निंबा, तूही ऐक. तेल मी ओतलं होतं. ह्यांचा काही गुन्हा नाही."

"मला कळलं होतं," भटू म्हणाला.

"मग बोलले का नाही?"

"सकाळी तुम्ही बोलायला जागाच कुठे ठेवली?" त्यानं हात झटकले. "आणि सकाळी हसली ती नानांची माणसं, निंबा नव्हे."

एवढ्या वर्षांत अक्का कोणाच्या दारात आपली चूक सांगायला गेली नव्हती.

"बॅग जरा खाली ठेव, प्रमिला," एवढंच म्हणून ती चपला घालून निघाली.

पाइप कारखान्याच्या फाटकात ती दोन माणसं चहा पीत होती. त्यांनी एकमेकांना कोपर मारलं. अक्कानं डोक्यावरचा पदर नीट केला नि मोठ्यानं हाक मारली, "नाना, बाहेर या! तुमची बठ्ठी माणसं पण बोलवा, एकूण एक. मला एक सांगायचं शे."