बारानंतर घ्यायचं नाव

उत्तर प्रदेशातल्या एटाच्या बस स्टँडवर सकाळी बिर्जू कंडक्टर ओरडतो ते असं, "चला, त्या गावचे, त्या गावचे! बसा लवकर, त्या गावचे!" कोणी नवखा विचारतो, "कुठल्या गावचे?" तर बिर्जू कपाळाला हात लावून म्हणतो, "बाबा रे, अजून चहासुद्धा झाला नाही माझा. बसायचं तर बस, नाहीतर वाट सोड." दुपारचे बारा वाजले, पोटात चार पुऱ्या गेल्या, की तोच बिर्जू गळा फाडून ओरडायला लागतो, "दमडीगंज, दमडीगंज, दमडीगंज!"

दमडीगंजचं नाव सकाळी रिकाम्या पोटी घेतलं, तर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोटात अन्नाचा कण जात नाही. याबद्दल पंचक्रोशीत दुमत नाही. पुरावे हवे तेवढे मिळतील. नवे पोस्टमास्तर आले, पहिल्याच सकाळी त्यांनी शिक्का मोठ्याने वाचला, आणि तासाभरात त्यांची बायको भांडून माहेरी गेली, ती स्वयंपाकघराला कुलूप घालून. तहसीलच्या कारकुनाने फोनवर नाव घेतलं, तर त्याचा डबा माकडाने नेला. माकडं तिथे रोजच डबे नेतात, पण ते कोण लक्षात घेतो?

हे सगळं ज्याच्यामुळे, तो लाला दमडीमल कधीच्या काळी होऊन गेला. बाजार त्याने वसवला, विहीर त्याने खोदली, म्हणून गावाला त्याचं नाव. पण गावाच्या ध्यानात राहिलं ते एवढंच, की माणूस महाकंजूष. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, ही म्हण बाकीचं जग वाटेल त्याला लावतं. इथे ती एकाच घराण्यासाठी राखून ठेवली आहे. म्हणे त्याच्या दारी वऱ्हाड आलं तेव्हा त्याने जेवणाऐवजी जेवणाचं वर्णन वाढलं, आणि ते इतकं झकास वाढलं की निघताना व्याह्यांनी ढेकर दिला.

या दमडीमलच्या वंशातला शेवटचा पुरुष म्हणजे आपले लाला दमडीलाल. वय सत्तरीच्या घरात, बाजारात रजया-गाद्यांचं दुकान, मुलगी मुन्नी लग्न होऊन आग्र्याला. पूर्वजाबद्दल त्यांचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते कोणी ऐको न ऐको, ते सांगायचे. "दुष्काळात कोठार कोणी उघडलं? दमडीमलने! तोंडं बक्कळ, धान्य बेताचं, म्हणून माणशी एक मूठ. सगळं गाव जगलं. आणि जगल्यावर लक्षात काय ठेवलंत? मूठ लहान होती!"

असल्या पूर्वजाचं नाव शहाणा माणूस पोराला ठेवत नाही. पण लालाजींच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेलेली. तेव्हा आजीने हा जन्मल्याबरोबर त्याला सुईणीला एका दमडीला विकल्याचं नाटक केलं आणि नाव ठेवलं दमडी. यमाला वाटावं, इतक्या फुटकळ मालाला काय हात लावायचा! युक्ती लागू पडली. यम काही फिरकला नाही. पण सकाळी बारापर्यंत त्या नावाकडे दुसरंही कोणी फिरकलं नाही.

शाळेत मास्तर उपाशीपोटी हजेरी घ्यायचे. "जुगलकिशोर?" "हजर, जी." "झुन्नी?" "हजर, जी." मग मास्तर जरासे खोकायचे आणि म्हणायचे, "नत्थू?" एकदा छोटा दमडी त्या खोकल्यालाच उभा राहून "हजर, जी" म्हणाला, तर मास्तर म्हणाले, "बस खाली, तुला कोणी बोलावलं?" पोरगा रोज शाळेत जायचा आणि रोज गैरहजर असायचा. पुढे लग्न लागलं ते पहाटे. भटजी विधीसाठी उपाशी. त्यांनी संकल्पात नवऱ्याच्या नावाच्या जागी खुशाल "अमुक" म्हटलं आणि फेरे उरकले. त्यामुळे लालाजींच्या पत्नी कटोरीदेवी कधी चिडल्या की म्हणायच्या, "माझं लग्न अमुकशी झालंय. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही." त्या स्वतः तर नवऱ्याचं नाव कधीच घेत नसत, ना सकाळी ना रात्री. इकडे उखाण्याचीही सोय नाही. "मुन्नीचे बापू" म्हटलं की झालं.

लालाजींनी हे सगळं आयुष्यभर हसण्यावारी नेलं होतं. पण त्या वर्षी पावसाळा सरता सरता शेजारचे चौबेजी गेले, तेही भल्या सकाळी. घाटावर जो तो नाव घेऊन गळा काढत होता. "अरे चौबे, कुठे गेलास रे! अरे रामभरोसे!" लालाजी चितेच्या लाकडांपाशी उभे राहून ते ऐकत होते. घरी येऊन ते खाटेवर बसले ते आंघोळीलाही उठेनात.

"मुन्नीची अम्मा," ते म्हणाले, "समजा, मी सकाळी गेलो. लोक काय म्हणतील? 'ते गेले.' 'ते कोण?' 'बारानंतर सांगतो.' तोवर माझी राखसुद्धा होऊन जायची!"

"मग दुपारचे मरा," कटोरीदेवी डाळ निवडत म्हणाल्या. "घाई काय आहे?"

"चेष्टा करू नकोस. एकदा, फक्त एकदा, सकाळच्या उपाशी तोंडातून माझं नाव ऐकायचंय मला. त्याशिवाय मी मरणार नाही."

"मग तर कोणाला घेऊच देणार नाही मी," त्या म्हणाल्या, पण डाळीतला हात मात्र थांबला होता.

लालाजी नुसतं बोलून थांबणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी बस थांब्यावर टीकाराम हलवायाची कढई पेटली आणि गावात दवंडी गेली. रिकाम्या पोटी येऊन मोठ्याने 'दमडीलाल' म्हणा आणि पोट फुटेस्तोवर डाळ भरलेली बेडई पुरी, बटाट्याची भाजी नि जिलेबी फुकट खा! नाव घेतल्यावर लगेच अन्न मिळालं की पिढ्यान् पिढ्यांचं खूळ तिथल्या तिथे मोडेल, असा साधा हिशेब.

गर्दी तर अशी जमली की विचारू नका. पण नाव काही कोणी घेईना.

"लालाजी, आधी बेडई द्या, मग नाव घेतो," बिर्जू म्हणाला.

"आधी खाल्लंस तर पोट रिकामं कुठे राहिलं?"

"एका बेडईने माझं पोट भरतं होय? कोपऱ्यात पडून राहील बिचारी!"

दुसरा म्हणाला, "मी मनातल्या मनात घेतो. चालेल?" तिसरा म्हणाला, "मी 'दम' म्हणतो, हा 'डी' म्हणेल, आणि 'लाल' तुम्ही म्हणा." टीकारामची जिलेबी पाकात भिजून मऊ पडली. शेवटी गर्दी सारत भूरे पहलवान पुढे आला. रोज सकाळी दोन शेर दूध पिणारा गडी, पण त्या दिवशी पैजेखातर कोरडा आला होता.

"बाजूला व्हा! असल्या गोष्टींना मी भीत नाही. टीकाराम, ताट भर!" ताट भरलं. भूरेने छाती फुगवली, दोन्ही हात वर केले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं, "दमडीलाऽऽऽ"

लालाजींचे डोळे पाण्याने भरले. पण 'ल' काही येईना. भूरेचा 'ला' लांबतच चालला, मग आवाज संपला आणि तोंड तसंच उघडं राहिलं. जबडा निखळला होता! समोर भरलेलं ताट, आ वासलेलं तोंड, आणि बेडई आत टाकावी तर चावायचं कशाने? हाडवैद्य शेजारच्या गावी लग्नाला गेलेला. दिवे लागायच्या वेळी तो आला, त्याने जबडा बसवला, तेव्हा भूरेच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "ल".

झालं! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आजवर लोक बारापर्यंतच नाव टाळायचे, ते आता रात्रीच्या जेवणापर्यंत टाळायला लागले. बिर्जू दुपारच्या गाडीलाही "त्या गावचे" म्हणू लागला. पोरं भूरेसारखा आ वासून लालाजींच्या दुकानावरून पळायची.

लालाजींनी हाय खाल्ली. "बाराच्या आधी या जगात मी नाहीच, तर उठायचं तरी कशाला?" म्हणत ते दुपारपर्यंत रजईत पडून राहू लागले. गिऱ्हाइकं थंडीच्या तोंडावर बंद दुकान बघून परत जायची. कटोरीदेवींनी समजावलं, रागावून बघितलं, मुन्नीला आग्र्याहून फोन करायला लावला. रजई हलली नाही. माणूस चिडला तर बरं असतं, पण हा माणूस चिडतही नव्हता, आणि त्याने कटोरीदेवींचा जीव खरंच घाबरला.

मग करवा चौथ आली. सकाळची उन्हं अंगणात उतरली होती. डोक्यावर पदर, अंगात लग्नातली लाल साडी, अशा कटोरीदेवी खाटेपाशी आल्या, घसा खाकरला आणि मास्तरांसारखं खणखणीत म्हणाल्या, "दमडीलाल!"

रजईतून दोन डोळे बाहेर आले. लालाजींनी आधी दाराकडे बघितलं, मग छताकडे.

"इकडेतिकडे काय बघताय? तुम्हालाच म्हणतेय. दमडीलाल!"

"तू?" लालाजी चाचरत म्हणाले. "रिकाम्या पोटी?"

"पाण्याचा थेंब नाही पोटात."

"अगं, मग आज तुला अन्न..."

"आज चौथ आहे! चंद्र दिसेपर्यंत मला तसंही कोण वाढणार होतं? जे मिळायचंच नाही, ते तुमचे दमडीमल माझ्याकडून काढून घेणार कसं?"

लालाजी रजईसकट उठून बसले. आजवर हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मग त्यांना दुसरीच शंका आली. "पण बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं ना?"

"जन्मभर उपास कोणासाठी केले मी? थोडं कमी झालं तरी उरलेलं तुम्हाला संपायचं नाही." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि हळूच म्हणाल्या, "तोंडात बसतच नव्हतं हो. काल गोठ्यात जाऊन म्हशीपुढे म्हणून बघितलं."

"मग? म्हशीने काय केलं?"

"काय करणार? चारा खात राहिली."

लालाजी हसले, आणि हसता हसता रडले. एवढ्यात बाहेर हापशावर जमलेल्या बायकांच्या कानावर हा प्रकार गेला होता. उपास तर साऱ्यांचाच होता. टीकारामची बायको म्हणाली, "खरंच की गं! आज आपलं काय जाणार?" आणि तिने हापशावरूनच हाक दिली, "दमडीलाल भाईसाहेब!" मग चौबेजींची सून, मग बिर्जूची बायको, मग एकदम साऱ्याजणी. "दमडीलाल! अहो दमडीलाल! दमडीलाल चाचा!" रात्री गावात मुक्काम केलेली बस तेवढ्यात तिथून निघाली होती; चहा न झालेला बिर्जू दोन्ही कानांत बोटं घालून तिच्या दारातल्या फळीवर उकिडवा बसला.

खांद्यावर रजई तशीच, पाय अनवाणी, असे लालाजी उंबऱ्यात येऊन उभे राहिले. त्यांना काहीतरी उत्तर द्यायचं होतं, पण सकाळच्या हाकेला काय उत्तर देतात हे शिकायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. कटोरीदेवी मागून पुन्हा म्हणाल्या, "दमडीलाल!"

लालाजी ताठ झाले. लहानपणी मास्तरांच्या खोकल्याला उभे राहिले होते तसे.

"हजर, जी!"

"हजर आहात ना?" कटोरीदेवी म्हणाल्या. "मग जाऊन दुकान उघडा."