बंद टेलिफोन कक्ष

मृणाली तांबे टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरीला लागली तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. संगमेश्वर तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतून ती आधी अंधशाळेत गेली, मग ऑपरेटरच्या कोर्सला, आणि तिथून रत्नागिरीत नळयोजनांची कामं बघणाऱ्या एका सरकारी कार्यालयात.

पहिली आठ वर्षं तिच्या खोलीतला फोन थांबायचा नाही. कुठला अभियंता कुठल्या तालुक्यात फिरतोय, कुठली योजना कुणाच्या टेबलावर अडली आहे, हे सगळ्यांच्या आधी तिला कळायचं. मग प्रत्येकाकडे मोबाइल आला, टेबलाटेबलावर थेट लाइन आली आणि एका मार्चमध्ये तिचा टेलिफोन बोर्ड बंद झाला. पद मात्र राहिलं, आणि पदाबरोबर ती राहिली.

त्याला आता चार वर्षं झाली होती. ती पावणेदहाला यायची, अंगठा लावायची आणि खोलीत जाऊन बसायची. सव्वासहाला पुन्हा अंगठा लावून निघायची. मधे काही नाही. कानात इअरफोन घालून ती बातम्या ऐकायची, पुस्तकं ऐकायची, कधी नुसतीच बसायची. निवृत्तीला बावीस वर्षं होती. हा हिशेब तिनं एकदाच केला आणि पुन्हा करायचा नाही असं ठरवलं.

काम मागून झालं होतं. फायली संगणकावर आल्या तेव्हा तिला वाटलं होतं, आता वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बसवलं की झालं. पण फायली म्हणजे कागदांचे काढलेले फोटो. सॉफ्टवेअर त्यांच्यासमोर गप्प बसायचं. पुण्याहून बदलून आलेले खेडेकर साहेब तिला म्हणाले होते, "निवांत बसा हो मॅडम. कुणी काही बोललं का तुम्हाला? बोललं तर सांगा मला."

कुणी काहीच बोललं नव्हतं. दिवसच्या दिवस कुणी बोलत नव्हतं.

हळूहळू तिच्या खोलीत सामान यायला लागलं. आधी जुन्या फायलींचे गठ्ठे, मग मोडक्या खुर्च्या, मग नव्या पाणीमीटरचे खोके. दर सोमवारी तिची दारापासून टेबलापर्यंतची वाट बदललेली असायची. खिडकीसमोर कपाट आलं आणि वारा बंद झाला. मीटर महागाचे, म्हणून साहेबांनी त्या खोलीला कुलूप लावायला सांगितलं. शिपाई बाबू शिवलकर सकाळी उघडायचा, संध्याकाळी ती गेली की लावायचा.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी साडेअकराच्या सुमाराला कार्यालय एकदम शांत झालं. मृणालीच्या कानात इअरफोन होते, त्यामुळे तिला ते उशिरा कळलं. चहा आला नाही म्हणून ती उठली, खोके चाचपत दारापाशी गेली आणि कडी ओढली. दार हललं नाही. तिनं पुन्हा ओढलं. बाहेर कुलूप फळीवर आपटल्याचा आवाज आला.

"बाबू!" तिनं हाक मारली. "बाबू, मी आत आहे."

काही नाही. शेजारच्या खोलीतला पंखासुद्धा बंद होता.

तिनं बाबूला फोन लावला. उचलला नाही. नम्रता साळवीला लावला. नम्रता आस्थापनेवर मोठी कारकून, कार्यालयात हिच्याशी त्यातल्या त्यात बोलणारी. तिचाही फोन वाजत राहिला. साहेबांचा बंद. आणखी चौघांना लावून बघितलं. मग तिनं व्हॉट्सअॅपचा कार्यालयाचा ग्रुप उघडला. सकाळपासून सत्तावीस निरोप होते. पहिला होता 'फोटो', आणि त्याखाली सगळ्यांचे 'ओके सर'. फोटोत काय आहे ते तिचा फोन सांगू शकत नव्हता.

घाम यायला लागला. तिनं दारावर तळवे आपटले, मग मुठी. शेवटी ती खाली बसली. आईला फोन करावा असं मनात आलं, पण माळनाक्याच्या भाड्याच्या खोलीत आई एकटी असते, दुखऱ्या गुडघ्यांनी ती इथपर्यंत कशी येणार? नुसती घाबरेल. तिनं केला नाही.

मग तिला आस्थापनेचा जुना नंबर आठवला. तिला सगळेच नंबर पाठ होते. तो लावला आणि भिंतीपलीकडे फोन वाजलेला तिला स्पष्ट ऐकू आला. वाजला आणि थांबला. तिनं पुन्हा लावला. चौथ्यांदा कुणीतरी उचलला.

"हॅलो," एक म्हातारा आवाज घाबरत म्हणाला. "हितं कोन नाय ओ. सगळी गेली."

"कुठे गेली?"

"मोठ्या हालमध्ये कायतरी कारेक्रम हाय म्हनं. तीन वाजता येनार. तुमी मागनं फोन करा."

"आजोबा, ठेवू नका," मृणाली घाईनं म्हणाली. "मी इथंच आहे. शेजारच्या खोलीत. बाहेरून कुलूप लागलंय."

पलीकडे रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं वाजली आणि दारावर हलकी टकटक झाली.

"हितं हाव काय तुमी?"

"हो."

म्हाताऱ्याचं नाव राजाराम गोताड. लांज्याच्या आतल्या एका वाडीतून सकाळच्या एसटीनं आला होता. मृणालीनं त्याला सांगितलं, आस्थापनेच्या खोलीत दाराजवळचं टेबल, त्याचा वरचा खण, त्यात चाव्यांचा जुडगा असेल.

"तेवढं नको, बाय," तो म्हणाला. "सरकारी खण. उद्या कायतरी गेलं तर माझ्या डोक्यावर यील. मी हितंच बसतो तुमच्याजवळ, ती येईपरत."

आणि तो खरंच दाराबाहेर फरशीवर बसला. मृणालीला राग आला, पण त्याची भीती तिला समजत होती. तिनं त्याला कशासाठी आलात म्हणून विचारलं. त्यानं सांगितलं. वाडीत नळयोजना आली, पाइप त्याच्या पडवीला लागून पुढं गेला, पण त्याच्या घरी नळ आला नाही. कागदावर जोडणी दिलेली आहे. तो तिसऱ्यांदा आला होता आणि तिन्ही वेळा वेगवेगळ्या टेबलावरून परत गेला होता.

"अर्जावर आवक नंबर घातला का?"

"त्यो काय असतो?"

तिनं दाराआडून त्याला समजावलं. कुठल्या टेबलावर द्यायचं, कुणाला भेटायचं, तालुक्याच्या अभियंत्याचं नाव काय. चार वर्षांत बरंच बदललं होतं, तरी भिंतीतून जे कानावर यायचं ते तिनं धरून ठेवलं होतं. बोलता बोलता तिला कळलं की आपला आवाज पूर्वीसारखा लागतोय.

दीड वाजला. दोन वाजले. तिला बाथरूमला जायचं होतं. ती पाय आवळून बसली, उठली, पुन्हा बसली. बोलणं थांबलं. राजाराम दोनदा म्हणाला, "काय झालं ओ?" शेवटी तिनं कपाळ दाराला टेकवलं.

"आजोबा, मला बाहेर जायला हवंय. आता नाही थांबता येणार."

पावलं लगबगीनं गेली, खण ओढल्याचा आवाज आला. एकेक चावी लावून बघताना जुडगा सारखा वाजत होता. सहाव्या की सातव्या चावीला कुलूप उघडलं. ती भिंतीला हात लावत धावतच गेली.

तीन वाजता सगळे परत आले तेव्हा राजाराम चाव्या हातात धरून बाकावर बसला होता.

"ए बाबा, चावी कोणी दिली तुला?" बाबू ओरडला.

"मी दिली," मृणाली मागून म्हणाली.

बाबू जागच्या जागी थांबला. "मॅडम, तुम्ही आत होता? आईशप्पथ, खोलीत काळोख होता ओ. मला वाटलं कोण नाय."

ती दिवा कधीच लावत नसे. तिला तो लागत नव्हता.

नम्रता रडायच्या बेतात आली. हळूच तिनं सांगितलं की कार्यक्रम कार्यालयात सर्वांना सामावून घेण्याबद्दलचा होता. सगळ्यांनी हात धरून फोटो काढले होते. "मला वाटलं साहेबांनी तुला सांगितलं असेल," ती म्हणाली. साहेबांना वाटलं होतं नम्रतानं सांगितलं असेल.

दुसऱ्या दिवशी खेडेकर साहेबांनी मृणालीला केबिनमध्ये बोलावलं. पाणी मागवलं. झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त केली. "तुम्ही लेखी देऊ शकता," ते म्हणाले. "तुमचा हक्क आहे. फक्त लेखी आलं की मला बाबूवर कारवाई करावी लागेल. तो कंत्राटी आहे, तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी घरी जाईल."

लिहिलं तर बाबू जाणार. नाही लिहिलं तर संध्याकाळपर्यंत सगळे विसरणार आणि सोमवारी आणखी खोके येणार. पाण्याचा ग्लास तिनं उचललाच नाही.

"लेखी देते," ती म्हणाली. "पण कुलपाबद्दल नाही."

तिनं फोनमध्ये बोलून अर्ज टाइप केला आणि छापायला नम्रताकडे पाठवला. अर्जात तिनं काम मागितलं होतं. कामासाठी येणाऱ्या लोकांना माहिती द्यायला आपल्याला व्हरांड्यात बसवावं, अर्ज कुठं द्यायचा ते सांगू आणि त्याचं पुढं काय झालं ते फोन करून विचारू, एवढंच.

नम्रता छापलेला कागद हातात घेऊन आली. "अगं, कशाला हे? पगार वेळेवर आहे. आम्ही मरमर मरतोय. तुझ्या जागी मी असते ना..."

"ये उद्या," मृणाली म्हणाली. "एक दिवस बस माझ्या खोलीत. फोन बाहेर ठेवून. दार लावून घे."

नम्रतानं कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. ती आली मात्र नाही.

साहेबांनी वरून मार्गदर्शन मागवलं. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. मार्गदर्शन आलं नाही. खोलीचं कुलूप काढलं, दारावर कागद लावला. 'आत कर्मचारी आहे', असं बाबूनं तिला वाचून दाखवलं. ती दाराकडे तोंड करून बसायला लागली. कुणाच्याही पावलांनी दचकायची. रात्री आई म्हणायची, झोपेत दार ठोकतेस. तिनं राजीनाम्याचा विचार केला आणि भाडं, आईचे गुडघे आठवून तो सोडला. नोकरी सोडता येत नव्हती आणि नोकरीत तिला करायला काही नव्हतं.

जानेवारीतल्या एका सोमवारी तिची वाट पुन्हा अडलेली होती. या वेळी दारातच खोके होते. ती तिथंच उभी राहिली. मग तिनं बाबूला हाक मारली.

"माझी खुर्ची बाहेर काढ. टेबल पण."

"साहेबांना विचारलंत?"

"नाही."

बाबूनं एकट्यानं टेबल ओढत व्हरांड्यात आणलं, जिन्याजवळ लावलं. "मी काय बघितलं नाय," तो म्हणाला आणि चहा आणायला गेला.

अकरा वाजता साहेब बाहेर आले. नियमात बसत नाही, टेबल आत न्या, म्हणाले. मृणाली बसून राहिली. तेवढ्यात एक बाई अर्ज घेऊन जिना चढून आली आणि समोर जे टेबल दिसलं तिथं थांबली. "नळाचं कुठं बघतात ओ?" मृणालीनं सांगितलं. तिच्यामागं आणखी दोघं होते. साहेब थोडा वेळ उभे राहिले, मग केबिनमध्ये गेले. तीन दिवसांनी त्यांनी आदेश काढला. प्रायोगिक तत्त्वावर, पुढील आदेशापर्यंत. तो नम्रतानं तिला दोनदा वाचून दाखवला.

तिच्या टेबलावर संगणक अजून आलेला नाही. फायली अजून फोटोच आहेत, त्यामुळे प्रत्येक अर्जाचं काय झालं ते तिला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागतं, आणि ते दर वेळी वैतागत उठतात. आदेश कधीही मागे घेतला जाऊ शकतो, हे तिला माहीत आहे. राजाराम गोताडच्या घरी मार्चमध्ये नळ आला. त्यासाठी तिनं तालुक्याला अकरा फोन केले होते.

एप्रिलमध्ये भाचीच्या लग्नासाठी तिनं दोन दिवसांची रजा मागितली. साहेबांनी अर्ज परत पाठवला. "शुक्रवारी नको," ते म्हणाले. "शुक्रवारी लोक फार असतात. तुमच्या जागी कोण बसणार?"

मृणालीला भयंकर राग आला. ती केबिनमधून तणतणतच बाहेर आली. नम्रतापाशी जाऊन तिनं साहेबांना चार शब्द सुनावले, बारा वर्षांत पहिल्यांदाच रजा नाकारली म्हणाली. नम्रता हसली, म्हणाली, "मरमर मरणं काय असतं ते आता कळलं?"

मृणाली आणखीच चिडली. मग जिन्यावर पावलं वाजली, आणि ती आपल्या टेबलाकडे गेली.